कावळ्याला दिलेला शब्द

मौजा चिचटोला, आरमोरीजवळ
चैत्र शुद्ध दशमी, सन १९५५

कमळास,

मी जिवंत आहे.

माझे गाठोडे धानोऱ्याच्या वाटेवर नाल्याकाठी चैतूला सापडले आणि त्याने ते इथवर चालत आणून दिले, असे घरी आल्यावर समजले. ज्याने एवढी तसदी घेतली त्याला खरी हकीकत कळवणे रीतीला धरून आहे, म्हणून लिहितो. दुसरे कारण नाही.

शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जातो असे सांगून मी निघालो होतो. गडचिरोलीच्या पुढे वाट चुकली. हिवताप भरला. गाठोडे कुठे पडले ते स्मरत नाही. नाल्याकाठी वाघाची पावले होती आणि रक्तही होते म्हणतात. ते हरणाचे असेल. मला झाडू नावाच्या एका गोंड म्हाताऱ्याने उचलून आपल्या टोल्यावर, जंगलातल्या वस्तीवर, नेले. त्याने आणि त्याच्या बायकोने, मंगलीने, माझे सारे केले. पाडवा उलटल्यावर पायांत बळ आले, तेव्हा परत निघालो.

येताना त्याच नाल्यापाशी दगडांचा आणि डहाळ्यांचा नवा ढीग दिसला. वाघाने माणूस नेला की त्या जागी येणारा-जाणारा एक दगड टाकून पुढे जातो, तसा. कोण बिचारा गेला असेल, असे मनात आले. मीही एक दगड ठेवला, हात जोडले, त्याच्या मागे राहिलेल्यांसाठी देवाजवळ दोन शब्द बोललो आणि पुढे चालू लागलो. तो ढीग माझ्या नावाचा होता.

गावात शिरलो तेव्हा सकाळ होती. विहिरीवर शेजारची शकुबाई पाणी ओढत होती. मला पाहून तिच्या हातचा दोर सुटला आणि बादली खाली गेली. मग माणसे जमली, पण जवळ कोणी येईना. शेवटी झिंगू न्हावी पुढे झाला.

"भाऊ, आधी पाय दाखवा. बोटं पुढं हायेत का मांगं?"

मी एकेक पाय उचलून दाखवला.

"पुढंच हायेत," तो लोकांना म्हणाला, "पन धूळ लय हाय, नीट दिसत नाई. कोनी पानी टाका रे यायच्या पायावर."

तुझ्या दादाजीकाकाने माझे सारे विधी केले होते. त्याच्या डोक्यावर नुकते खुंट उगवले होते. मला पाहून त्याने आधी डोक्यावरून हात फिरवला, मग रडला. तुझी आई दारात आली. कपाळ पांढरे, हात मोकळे. मी आधी तुळशीला नमस्कार केला.

ज्याचे उत्तरकार्य होऊन गेले त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो, असे जोशीबुवा म्हणतात. तुपाचे स्नान, मग तान्ह्या मुलासारखे पाळण्यात नाव, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. मुहूर्त अक्षय तृतीयेचा निघाला आहे. तोवर घरात आणि देवळात पाऊल टाकायचे नाही. मी गोठ्यात राहतो. बैलांना माझे जिवंत असणे लवकर पटले. नाव ठेवायला आत्या लागते. माझी आत्या कधीच वारली. त्याचे काय करायचे ते पाहू.

चैतूला कळव. उत्तराची जरुरी नाही.

नानाजी भोयर
मौजा चिचटोला


चैत्र पौर्णिमा

कमळास,

आज हनुमान जयंती. देवळात भजन चालू आहे आणि मी ते गोठ्यातून ऐकतो आहे. टाळ दादाजीने धरला आहे. चाल चुकते, पण गाव फार मोठ्याने गाते आहे. माझ्यासमोर इतक्या मोठ्याने कधी गायले नव्हते. सकाळी झिंगू दाढी करायला आला तेव्हा मी त्याला हे बोललो.

"तुमी असले का चुकायची भीती वाटे ना, भाऊ," तो म्हणाला. "आता सारे बेधडक चुकून राह्यले."

मेलेल्या माणसाशी लोक मोकळेपणाने बोलतात, हे मला या गोठ्यात कळले. पहिल्या दिवशी लांब उभे राहत होते. आता चुलीवर भात ठेवून येतात आणि माझ्या दहाव्याची हकीकत मला सांगतात. पळसाच्या पानांचा पुतळा किती छान झाला होता, कोण किती रडले, जेवणात वरण कसे पातळ झाले. मी ऐकून घेतो. स्वतःबद्दल एवढे मी आयुष्यात ऐकले नव्हते.

कावळ्याची गोष्ट झिंगूने सांगितली. घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे बसलेले, खाली उतरायला तयार नाहीत. काहीतरी इच्छा राहिली, असे सारे म्हणाले. मग एकेक जण पुढे होऊन माझ्या मनातले ओळखू लागला. दादाजी म्हणाला, देवळाच्या छपरावर नवी कवेलू घालू. कावळा हलला नाही. तुझी आई म्हणाली, तांबडा बैल विकणार नाही. नाही. कोणी म्हणाले, भजन खंडू देणार नाही. नाही. शकुबाई म्हणाली, तुमच्या तुळशीला मी रोज पाणी घालीन. तेही नाही. झिंगूने तर, माझ्या शेंडीला वेडावाकडा वस्तरा लावल्याबद्दल माफी मागून पाहिली. शेवटी ऊन चढले, तेव्हा जोशीबुवांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून सारे घरी आले.

मी झिंगूला विचारले, "आनखी कोनाले काई सुचलं नाई?"

"का सुचायचं होतं?"

वस्तरा थांबवून तो माझ्याकडे पाहू लागला.

"होतं ना मनात, साऱ्यायच्याच होतं," तो हळू म्हणाला. "पन तुमच्यासमोर त्या पोरीचं नाव घ्यायची हिंमत जितेपनी कोनाची नव्हती. मेल्यावर कोन घेईन? पुतळ्यातून उठून बसले असते तुमी."

आणखी एक. गाठोडे धानोऱ्याच्या वाटेवर कसे गेले, यावर गावात मोठी चर्चा झाली होती. कोणी म्हणाले बांबू पाहायला गेला असेल, कोणी म्हणाले औषधाची मुळी आणायला. एकाने सांगितले, वाघानेच मार्कंड्याहून तिथवर ओढत नेले. त्यावर झिंगू म्हणाला होता, "एवढं लांब? वाघ का बंडी जुंपून गेल्ता?"

"तिकडं माह्यं दुसरं काई काम असन, असं कोनाच्या मनात आलं नाई?"

"ती हाय तिकडं, भाऊ. म्हून तं तुमी तिकडं जानार नाई, हे साऱ्यायले ठाऊक." मग पुन्हा वस्तरा चालवत म्हणाला, "पोट्टी चैतूसंग गेली त्या रोजी बी तुमी आरती चुकवली नाई. गाव म्हने, मानूस नोहे, दगड हाय दगड."

कमळा, त्या संध्याकाळच्या आरतीत माझा आवाज फुटला होता. तो साऱ्या गावाने ऐकला, असे मी इतकी वर्षे धरून चाललो. मी डोळे मिटले होते ते पाणी दिसू नये म्हणून. लोकांनी पाहिले असेल, दया म्हणून बोलत नसतील, असे मला वाटे. त्यांच्या गप्प राहण्याचा मला आधार होता. आणि ते गप्प होते ते भीतीने.

मग बोलता बोलता झिंगूच्या तोंडून निघून गेले. तू आली होतीस. घाटावर लांब, चिंचेच्या खाली उभी होतीस. पदर तोंडावर घेऊन. दादाजी म्हणाला, "ती उभी हाय म्हून कावळा शिवत नाई. तिले जायाले सांगा." आणि कोणी तरी येऊन तुला सांगितले, आणि तू गेलीस. कावळा तरीही शिवला नाही.

मी कुडाच्या अलीकडून तुझ्या आईला विचारले, हे खरे का.

"खरं हाय."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमी तिचं कई विचारलं का?" ती म्हणाली आणि भांडी घेऊन विहिरीवर गेली.

तू आली होतीस, एवढे मला तुझ्या अक्षरात कळव. चार ओळी नकोत. एक पुरे. पाटीवर तुला बाराखडी मीच शिकवली होती.

माझे नाव पुतळ्याबरोबर जळाले असे जोशीबुवा म्हणतात, म्हणून खाली सही करत नाही.


चैत्र वद्य दशमी

चि. सौ. कमळास अनेक आशीर्वाद.

मागल्या दोन्ही पत्रांत मी सौ. लिहिले नव्हते. ते तुझ्या लक्षात आले असेल.

तुझी ओळ आली नाही, पण चैतू आला. दुपारी बंडीच्या चाकाआड बसून राहिला होता. बैल फुरफुरला म्हणून मी पाहिले. म्हणाला, "कमळा म्हने, अक्षर बाचंच हाय, पन जाऊन पाहून ये. कोनी खोटं लिहिलं असन तं पुन्हा रडाले तिच्यात ताकद नाई."

मी त्याला पाण्याचा लोटा दिला. हात पुढे करण्याआधी त्याने घराकडे पाहिले.

"तुमचं घर बाटन."

"मीच बाटलेलो हावो सध्या. पे."

तो हसला. हसताना तो लहान दिसतो. आमच्या शेताच्या बांधावर लाकूड तोडायला येई तेव्हा मी त्याचे तोंड कधी नीट पाहिले नव्हते. पहिल्यांदा गाठोडे घेऊन आला, तेव्हा त्याला अंगणात कोणी बस म्हणाले नाही की पाणी विचारले नाही, हे त्याने सांगितले नाही. ते शकुबाईने सांगितले.

मी विचारले, घाटावरून परत जाताना कमळा काय म्हणाली. तो लोट्याशी चाळा करत बोलला.

"वाटेत मोहाखाली बसलो. फुलं पडून राह्यली होती. तिनं शिदोरीतला भात पानावर काढला, जरा दूर नेऊन ठेवला. म्हने, बा, मी तुया दारात परत नाई येनार. तुया मनात हेच होतं ना? जाय आता. सुटून जाय."

"आन कावळा?"

"लगेच उतरला जी. दोन उतरले."

हे सांगून तो खाली पाहत राहिला. त्याला वाटले मी रागावेन.

कमळा, मी तुझे शब्द रोज मनात म्हणून पाहतो. गावाने मला दगड म्हटले ते मी सोसले. गाव बाहेरून पाहते. पण तू माझ्या मांडीवर बसून ओव्या ऐकलेली पोर. तुझ्या बाची शेवटची इच्छा काय असेल, हे तुला विचारले, तर तुला एवढेच सुचले. आणि तू रागाने बोलली नाहीस. माझी सुटका व्हावी म्हणून बोललीस. म्हणजे मी असा आहे हे तू कधीच धरून बसली होतीस, आणि तरीही उन्हातून चालत आली होतीस.

कावळ्यावर माझा फार विश्वास. माझ्या आईच्या दहाव्याला मी तिच्या मनातले बोललो आणि कावळा झडप घालून उतरला, तेव्हापासून मी त्याबद्दल कोणाला थट्टा करू दिली नाही. आता रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. कावळा खरा असेल, तर तुला वाटलो तसाच मी आहे. मला ठाऊक नसताना माझ्या मनात तेच होते. कावळा खोटा असेल, तर ज्यावर टेकून मी उभा राहिलो त्यातले बरेच ढासळते. मोकळे रान होते, हाकलायला कोणी नव्हते, पाखरू भुकेले होते, भात दिसला, उतरले. असे दुसऱ्या कोणी म्हटले असते तर मी त्याला देवळातून उठवले असते. आज मी देवाजवळ हेच मागतो की कावळा खोटा ठरू दे. तेवढे मला सोसेल.

आता खरे लिहितो. मी वाट चुकलो नव्हतो.

मार्कंड्याला जाण्याचे मनात नव्हतेच. गडचिरोलीच्या बाजारात हिरवे, तांबड्या काठाचे लुगडे घेतले आणि धानोऱ्याची वाट धरली. तुझ्या आईलाही सांगितले नाही. सांगितले असते आणि तुझ्या दारातून परत यावे लागले असते, तर गावात तोंड कसे दाखवले असते, हा विचार. तुझे गाव हिरडटोला, टेकडीआड आहे एवढेच ऐकून होतो. नाल्यापाशी कापरे भरले. उन्हात दात वाजू लागले. मी तुझ्या गावाच्या किती जवळ होतो ते मला चैतूने परवा सांगितले. तिथून कोंबडा ऐकू येतो म्हणे.

लुगडे गाठोड्यात होते. चैतू म्हणाला, "मायसाठी घेतलं असन म्हून कमळानं ते झाडून नीट घडी घातली, मंग माह्याजवळ दिलं." तुझ्याच लुगड्याची घडी तू घातलीस आणि परत पाठवलेस. इथे तुझ्या आईला ते नेसता येईना. गावाबाहेरच्या मातामाय देवीला वाहिले. मी कुडाच्या फटीतून पाहतो, वाऱ्याने त्याचा काठ हलताना दिसतो. वाहिलेले परत मागता येत नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेव असे म्हणत नाही. मंगलीला विचार. तिचा टोला तुमच्या मागच्या दोन टेकड्या उतरून आहे. तापात मी तुझे नाव घेत होतो. ती समजली, कमळा माझी बायको. बरा झाल्यावर मला म्हणाली, "म्हातारा झाला, अजून बायकोचं नाव घेऊन रडते, लाज नाई वाटत?" मी तिची समजूत तशीच राहू दिली. माझे गाव कोणते, कोणाकडे चाललो होतो, हे तिने पुष्कळदा विचारले. मी सांगितले नाही. सांगितले असते तर निरोप गेला असता, ढीग झाला नसता, तुला घाटावर यावे लागले नसते. त्यांच्या हातची पेज मात्र मी रोज प्यालो. पहिल्यांदा तापात प्यालो, मग शुद्धीत प्यालो. देव माझ्यावर रागावल्याचे काही जाणवले नाही.

आता मागणे. पहिल्या पत्रात मी लिहिले होते की आत्या नाही, पाहू. ते पुरते लिहिले नव्हते. जोशीबुवा म्हणाले होते, "आत्या नसेल तर घरची लेक कानात नाव सांगेल. लेक आहे ना?" ते आरमोरीचे, त्यांना ठाऊक नाही. अंगणातले सारे खाली पाहू लागले. दादाजी बोट मोडत बसला. मीही त्या दिवशी खाली पाहिले.

काल मी सर्वांसमोर बोललो. माझ्या कानात नाव सांगायला माझी लेक कमळा येईल. ती येईल तेव्हाच मी नाव घेईन, नाहीतर बिननावाचा राहीन. तुझे नाव तोंडातून निघाले तेव्हा शकुबाईने पदर डोळ्यांना लावला. झिंगू म्हणाला, "आता शिवला असता."

अक्षय तृतीयेला ये. चैतूला घेऊन ये. तोवर मला नाव नाही.


वैशाख शुद्ध चतुर्थी

चि. सौ. कमळास अनेक आशीर्वाद.

तू आली नाहीस.

सकाळपासून मी गोठ्याच्या दारात बसून वाटेकडे पाहत होतो. घरोघर पितरांच्या घागरी भरल्या जात होत्या. तुझ्या आईने माझ्या नावाची घागर या वर्षी भरायची म्हणून कुंभाराला सांगून ठेवली होती. ती कोरी घागर तशीच ओसरीवर उपडी होती. अंगणात पाळणा टांगला होता. पाळण्यात माझ्याऐवजी वरवंटा होता, त्याला टोपडे घातलेले. झिंगू वाकून पाहून म्हणाला, "भाऊ, सोंग बराबर जमलं. दगडाच्या जागी दगडच ठेवला." सारे हसले. मीही हसलो. ते हसणे मला बरे वाटले.

ऊन कलले. जोशीबुवा म्हणू लागले, मुहूर्त जातो. दादाजी म्हणाला, शकुबाई आत्याच्या वयाची आहे, तिला बसवू. मी म्हणालो, नाही. मी शब्द दिला आहे. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी, पण कमळा आल्याशिवाय मी नाव घेणार नाही. हे बोलताना मला आपण फार मोठे काही करतो आहोत असे वाटत होते. डोळे भरून आले होते, आणि या वेळी मी ते मिटले नव्हते.

तेव्हा तुझी आई उठली. चारचौघांत ती माझ्यासमोर कधी बोललेली नाही, तुला ठाऊक आहे.

"पोरीसाठी थांबता, लय चांगलं हाय," ती म्हणाली. "पन थांबता तुमी आन पांढरं कपाळ माह्यं. ती गेली तवा बी तुमीच ठरवलं, तिचं नाव घ्यायचं नाई. आता बी तुमीच ठरवलं, तिच्याबिगर नाव घ्यायचं नाई. मले कई विचारलं? माह्या पोटची नोहे का ते?"

पाळण्याची दोरी धरून कोणी तरी उभी होती, तिच्या हातातून ती सुटली. पाळणा आपोआप हलत राहिला. कमळा, गावाने, झिंगूने, चैतूच्या तोंडून तू, जे जे सांगितले ते मी ऐकून घेतले आणि मला वाटले की मी आता बदललो. आणि त्याच वेळी मी तेच करत होतो. तुझ्यावरची माया घेऊन तेच करत होतो.

मी उठून पाळण्याशेजारी बसलो. शकुबाई आली. कानाशी तोंड आणून तिने आधी नाव सांगितले, ते जुनेच. मग आणखी काही सांगितले, जे विधीत नव्हते. म्हणाली, "आता लेकीचं नाव घेत जाय, बाबू. आन बायकोचं बी." साऱ्यांनी मला तान्ह्यासारखे पाठीवर थोपटले. झिंगूने विचारले की दूध पाजायचे का आंबील. मग अंतरपाट धरला. तुझ्या आईच्या कपाळाला मी कुंकू लावले तेव्हा ते नाकावर सांडले. तिने ते पुसले नाही.

संध्याकाळी देवळात गेलो. टाळ हातात दिला, तो मी दादाजीकडे परत दिला आणि मागे बसलो. भजन संपल्यावर उभा राहून सांगितले, "परवा सकाळी मी हिरडटोल्याले, माह्या कमळाकडं, जाऊन राह्यलो."

मग झिंगू म्हणाला, "सांगून जाता हे बरं केलं, भाऊ. नाई तं पुन्हा साऱ्या गावाच्या डोक्यावर वस्तरा फिरवा लागला असता."

तुझ्या आईला विचारले, येतेस का. या वेळी विचारले. तिने चुलीतले लाकूड आत सारले. म्हणाली, "मी त्या रोजी घाटावर होती. तिले जायाले सांगितलं तवा मी तोंडातून हूं का चूं केलं नाई. तुमी निदान वाटेत तरी पडले होते. मी उभी होती. मले कोन्या तोंडानं नेता? तुमी आधी जा." मग तिने दोन बांगड्या काढून दिल्या. कालच भरलेल्या, हिरव्या. त्या मी पंच्याच्या गाठीत बांधल्या आहेत.

तू आली नाहीस याचा मला राग नाही. तू कावळ्याला शब्द दिला आहेस आणि दिलेला शब्द पाळावा हे मीच तुला शिकवले. पण तो शब्द मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिला. तू माझ्या दारात येणार नाहीस, एवढाच तो आहे. मी तुझ्या दारात यायचे नाही, असा शब्द कोणी कोणाला दिलेला नाही.

हे पत्र बाजाराच्या बंडीबरोबर पाठवतो. ते माझ्या आधी पोहोचेल. मी सावकाश येईन, पायांत अजून तितके बळ नाही.

दार उघड असे मागत नाही. समोर ये असेही म्हणत नाही. दाराबाहेर पळसाच्या पानावर मूठभर भात ठेव आणि आत जा. पान दिसले नाही, तर मी हाक न मारता मागे फिरेन, बांगड्या उंबऱ्याबाहेर ठेवीन, आणि जाताना नाल्याकाठच्या त्या ढिगावर आणखी एक दगड ठेवीन. तो कोणासाठी, हे या वेळी मला ठाऊक असेल.

आणि पान दिसले, तर कोणाला काही ओळखावे लागणार नाही, काही कबूल करावे लागणार नाही. तुझ्या चुलीवरचा भात आहे. मी वाट पाहायला लावणार नाही. मी शिवेन.

तुझा बा